वाट साफ करायला स्टेनलेसचा लांब कोयता बनवताना: पोलाद, जाडी, पाणी आणि धार

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. झाडीतल्या पायवाटा मोकळ्या करायला तुम्हाला मॅशेटी पद्धतीचा लांब कोयता स्वतः बनवायचा आहे. हवा दमट, गंजाची कटकट नको, म्हणून स्टेनलेसची ५ मिलिमीटर जाड पट्टी घेतलीत. ५० सेंटिमीटरचे पाते कापले, कोळशाच्या भट्टीत लाल करून तेलात बुडवले. तरीही सुक्या फांदीवर दोन घाव घातले की धार एका बाजूला लोळते. आता तेल बदलायचे, पुन्हा तापवायचे की धारेचा कोन वाढवायचा, असे तुम्ही विचारता.

यातले काहीच करू नका. धार लोळते म्हणजे पोलाद कडक झालेलेच नाही, आणि जे कडक झालेले नाही त्याचा कोन वाढवून फक्त बोथटपणा वाढतो. याची दोन कारणे असू शकतात: पट्टी कडक होणाऱ्या जातीची नाही, किंवा जात बरोबर आहे पण तापमान फार कमी पडले. ते कसे ओळखायचे ते आधी सांगतो. पण तुमच्या मापांतही मला अडचण दिसते. हेच पाते उत्तम कडक झाले असते तरी वाट साफ करायला ते जड आणि दमवणारे ठरले असते. तेव्हा पोलाद, जाडी, उष्णता आणि धार या चौघांचा एकत्र विचार करावा लागेल.

स्टेनलेस म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे आपल्या कामापुरते तीन गट धरा. पहिला ३०४ आणि त्याचे भाऊबंद. यात सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि कार्बन अगदी नाममात्र, ०.०८ टक्क्यांच्या आत. भांडी, कठडे, टाक्या यांचे पोलाद ते हेच. तापवून बुडवल्याने ते कडक होत नाही. १०५० अंश सेल्सिअसला नेऊन पाण्यात टाकले तर उलट अधिक मऊ होते, कारण त्याला मऊ करण्याची कारखान्यातली रीत तीच आहे. दुसरा गट ४३० चा. क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल जवळपास नाही, कार्बन कमी. तेही कडक होत नाही. तिसरा गट ४२०, ४४० आणि सुऱ्यांसाठी बनवलेल्या खास जातींचा. पाते बनते ते फक्त यातून.

चुंबक लावून बघा. चिकटला नाही किंवा जेमतेम ओढला गेला, तर पट्टी ३०४ च्या घरातली आहे आणि विषय तिथेच संपला. चिकटला, तर मात्र लगेच खूश होऊ नका, कारण ४३० लाही चुंबक चिकटतो. मग उरलेल्या पट्टीचा बोटभर तुकडा कापा, चमकदार नारिंगी होईपर्यंत तापवा, चारपाच मिनिटे तसाच धरा आणि हवेत गार होऊ द्या. बुडवायची गरज नाही, कडक होणारे स्टेनलेस हवेतही कडक होते. गार झाल्यावर वरची काळी साल घासून काढा, कारण उघड्या आगीत पृष्ठभागाचा कार्बन जळतो आणि तिथे कानस उगीच बसते. मग नवी कानस चालवा. ती घसरली आणि तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोडी मारल्यावर बारीक करड्या कणांचा तुटला, तर जात बरोबर आहे. मुकाट वाकला, तर नाही. हातोडी मारण्याआधी तुकड्यावर फडके गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

जात बरोबर निघाली तर चूक तापमानाची. साध्या कार्बन पोलादाला ८०० ते ८५० अंश पुरतात. चुंबक चिकटेनासा झाला की अजून थोडे तापवून बुडवायचे, हा ठोकताळा त्याच्यासाठी बरोबर आहे. स्टेनलेसमध्ये क्रोमियम कार्बनला कार्बाइडच्या, म्हणजे दोघांच्या कठीण संयुगाच्या, कणांत घट्ट धरून ठेवते. ते कण विरघळून कार्बन पोलादात मोकळा झाल्याशिवाय कडकपणा येत नाही, आणि त्यासाठी १००० अंशांच्या वर जावे लागते. बहुतेक जातींना १०२० ते १०८० च्या पट्ट्यात. तुमचे 'लाल' त्याच्या निदान २०० अंश खाली होते. कोळशाच्या भट्टीत अर्ध्या मीटरचे पाते टोकापासून मुठीपर्यंत एकसारखे १०५० वर दहा मिनिटे धरणे जवळपास अशक्य आहे. कुठे ९५०, कुठे ११५०, आणि जिथे जास्त झाले तिथे पोलादाचेच कण मोठे होऊन पाते ठिसूळ. म्हणून हाताने बनवायच्या स्टेनलेस पात्यात ठोकाठोकीऐवजी पट्टी कापून, घासून आकार द्यावा आणि उष्णतेचे काम नियंत्रित भट्टीवर सोपवावे, असे मी सांगतो. स्टेनलेस ठोकून घडवता येत नाही असे नाही. पण ते सुमारे ९०० च्या खाली ठोकले तर तडकते, हवेत गार होतानाच कडक होते, आणि मग कानस चालण्याआधी पुन्हा सावकाश मऊ करावे लागते. २.५ मिलिमीटरच्या पात्यासाठी एवढा खटाटोप करून हाती काही जास्तीचे लागत नाही.

आता कोणते पोलाद घ्यायचे. इथे छोट्या सुरीचा अनुभव लांब पात्याला लावला की हमखास घोटाळा होतो. सुरीत लोक धार किती टिकते ते बघतात आणि ४४०सी कडे वळतात. त्यात कार्बन १ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १६ ते १८ टक्के, आणि पोलादात मोठमोठे कठीण कार्बाइड पसरलेले. कापायला ते चांगले. पण वाटेवरच्या कोयत्याला दिवसातून कितीतरी वेळा न दिसणारा दगड, तार किंवा सुकलेली गाठ लागते. धारेजवळच्या मोठ्या कार्बाइडपासून तडा सुरू होतो आणि चंद्रकोरीसारखा तुकडा उडतो. पाते लांब, टोकाचा वेग जास्त, त्यामुळे धक्काही मोठा. लोळलेली धार कानशीने दहा मिनिटांत सरळ होते. उडालेला ३ मिलिमीटरचा तुकडा भरून काढायला संपूर्ण धार तेवढी मागे न्यावी लागते.

म्हणून माझी पहिली पसंती ४२०एचसी किंवा त्याच घडणीच्या जातींना: कार्बन ०.४५ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम सुमारे १३ टक्के. कार्बाइड कमी आणि बारीक, गंजाला चांगला विरोध, चिवटपणा भरपूर. दुसरी पसंती १२सी२७, १४सी२८एन आणि एईबी-एल. यांत कार्बन ०.६० ते ०.६७ टक्के, क्रोमियम १३ ते १४. एईबी-एल तर दाढीच्या पात्यांसाठी बनलेले, इतके बारीक कणांचे. हे तिन्ही ४२०एचसी पेक्षा धार जास्त टिकवतात, पण लांब कोयत्यासाठी त्यांना मुद्दाम थोडे मऊ ठेवावे लागते. डी२ कडे जाऊ नका. त्यात १२ टक्के क्रोमियम असले तरी बरेचसे कार्बाइडमध्ये अडकलेले असते, म्हणून ते धड स्टेनलेसही नाही आणि दीड टक्का कार्बनमुळे धक्क्यालाही कच्चे.

कडकपणा किती? रॉकवेल सी मापाने ४२०एचसी ला ५३ ते ५५ आणि १२सी२७ च्या गटाला ५६, फार तर ५७. सुरीला ५९-६० ऐकायची सवय असेल तर हे कमी वाटेल. पण नेहमीचे कार्बन पोलादाचे कोयते बऱ्याचदा ५० च्या आसपास किंवा त्याहूनही मऊ असतात, आणि ते विचार करूनच तसे ठेवलेले असतात: धक्का बसला तर तुटण्याऐवजी वाकावे आणि शेतात बसून कानशीने धार लावता यावी.

इथेच तुम्हाला एक गोष्ट ठरवावी लागेल, आणि ती मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. खारी हवा, रोजचा पाऊस, अनेक हातांत फिरणारे अवजार, काम संपल्यावर पुसून तेल लावले जाईल याची खात्री नाही, अशा ठिकाणी स्टेनलेसचा फायदा खरा आहे. पण कोयता तुमच्या एकट्याच्या हातात राहणार असेल आणि तुम्ही तो रोज पुसून ठेवणार असाल, तर १०७५ किंवा ५१६० सारखे स्टेनलेस नसलेले पोलाद तेवढ्याच मेहनतीत जास्त चिवट पाते देईल आणि तुमच्या कोळशाच्या भट्टीतही नीट कडक होईल. स्टेनलेसची किंमत उष्णतेच्या कामात आणि धार लावायला लागणाऱ्या वेळात मोजावी लागते. ती मान्य असेल तर पुढे वाचा.

मापांकडे येऊ. स्टेनलेसचा घन सेंटिमीटर सुमारे ७.७५ ग्रॅम भरतो. तुमचे ५० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड पाते १२५ घन सेंटिमीटरचे झाले, म्हणजे मूठ सोडून जवळजवळ ९७० ग्रॅम. तेच पाते ४५ सेंटिमीटर लांब आणि २.५ मिलिमीटर जाड केले तर ५६ घन सेंटिमीटर, म्हणजे ४३५ ग्रॅमच्या आसपास. धार काढल्यावर अजून थोडे कमी, आणि मुठीसकट साधारण ५५० ग्रॅम. हा फरक दुपारपर्यंत मनगटाला कळतो.

वजन जास्त म्हणजे घाव जास्त, हा समज लाकूड फोडण्यापुरता ठीक आहे. वाटेवर बहुतेक काम हिरव्या, लवचिक, आधार नसलेल्या कांड्यांचे असते. गवत आणि वेली जड पात्यापुढे नुसत्या वाकतात, कापल्या जातात त्या वेगाने. घावाची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते पण वेगाच्या वर्गाने: वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट. जड पाते तेवढ्या वेगाने फिरत नाही, आणि चुकलेला घाव थांबवताही येत नाही. दुसरे म्हणजे जाड पाते कापात पाचर होऊन अडकते.

मात्र सगळीकडे एकच जाडी चालणार नाही. फक्त गवत, नेचे, कोवळ्या वेली असतील तर २ मिलिमीटर पुरते आणि हलके पडते. पण तेवढे पातळ पाते अंगठ्याएवढ्या सुक्या फांदीवर थरथरते आणि हाताला झिणझिण्या आणते. मिश्र झाडीसाठी २.५. काटेरी झुडपे आणि मनगटापेक्षा बारीक लाकूड जास्त असेल तर ३, आणि मग लांबी ४० वर आणा. ३ च्या वर मी या कामासाठी जात नाही. लांबीचेही तसेच: दाट, डोक्यावरून झाकलेल्या वाटेत ३५ ते ४०, मोकळ्या गवतात ४५ ते ५०. पाठीवर पिशवी असेल तर लांब पाते मागे खेचताना तिला अडते, हेही ध्यानात घ्या.

आकार साधा ठेवा. पाठ सरळ, मुठीकडे रुंदी ४ सेंटिमीटर, टोकाकडे वाढत ५.५ पर्यंत, आणि शेवटच्या तिसऱ्या भागात धारेला हलका पोटाचा बाक. बोलो किंवा पारांग या आग्नेय आशियातल्या कोयत्यांसारखे पुढे जड आकार लाकडाला चांगले, पण सतत झोके घेत चालायच्या कामात मनगट लवकर दमवतात. तोल मुठीच्या पुढे ८ ते १० सेंटिमीटरवर यावा. ६ च्या आत आला तर पाते उडते पण चावत नाही. १२ च्या पुढे गेला तर प्रत्येक झोक्यानंतर पाते परत आणण्यात दम जातो. आधी प्लायवुडचा नमुना कापून हातात फिरवून बघा. मुठीचा कोन आणि लांबी त्यावरच पक्की होते.

पट्टी कापताना सर्वात महत्त्वाची जागा म्हणजे पाते संपून मुठीत जाणारा भाग सुरू होतो तो कोपरा. लांब पाती तुटतात ती बहुतेक तिथेच. काटकोन किंवा करवतीची खाच अजिबात नको; निदान ६ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्या आणि ती लांबीच्या दिशेने सँड पेपरने गुळगुळीत करा. आडव्या ओरखड्यांतून तडा निघतो, म्हणून पाठीवरचेही सगळे ओरखडे उभे, पात्याच्या लांबीत असावेत. मुठीतला भाग पूर्ण रुंदीचा ठेवा. उंदराच्या शेपटीसारखा निमुळता करून मुठीत खुपसण्याची पद्धत या धक्क्यांना टिकत नाही. रिव्हेटची तीन भोके उष्णतेच्या कामाआधीच पाडा, ६ मिलिमीटरच्या खिळ्याला ६.२ चे भोक, आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्या कडा मोडा. नंतर साधे ड्रिल त्यात शिरणार नाही. ड्रिल सावकाश, दाब सतत, कापायचे तेल भरपूर. दाब न देता नुसते फिरवत राहिलात तर त्या जागी पोलाद घासून कडक होते आणि ड्रिल जळते.

पात्याचा उतार, म्हणजे धारेकडे पातळ होत जाणारा भाग, आत्ता काढू नका. २.५ मिलिमीटरची लांब पट्टी आधीच पातळ. एका बाजूचा उतार दुसरीपेक्षा किंचित जास्त झाला तरी कडक होताना ती पिळवटते. बाह्याकार, भोके आणि गोलाई एवढे करून सपाट पट्टीच भट्टीत जाऊ द्या. उतार नंतर.

उष्णतेच्या कामाला दोन वाटा. व्हॅक्यूम भट्टी असलेल्या व्यावसायिक ठिकाणी द्या आणि पोलादाची जात व अपेक्षित कडकपणा लेखी कळवा. पाती उभी टांगून तापवा असे आवर्जून सांगा. पहिल्या पात्यासाठी मी हीच वाट सुचवतो. किंवा तापमान नियंत्रकाची, पुरेशा लांबीची विजेची भट्टी असेल तर स्वतः करा. पट्टी उष्णता सोसणाऱ्या स्टेनलेस फॉइलमध्ये दोनदा दुमडून हवाबंद करा, आत कागदाचा छोटा तुकडा टाका म्हणजे उरलेला प्राणवायू तो जळताना खाऊन टाकेल. फॉइलच्या कडा पात्याइतक्याच कापतात, हातमोजे घाला. ४२०एचसी किंवा १२सी२७ गटासाठी लांब कोयत्याच्या हिशेबाने १०३० ते १०५० अंश, पाते त्या तापमानाला पोचल्यावर दहा मिनिटे. पोलाद बनवणाऱ्याचा तक्ता हाताशी असेल तर माझ्या आकड्यांऐवजी त्यातले आकडे प्रमाण माना. तक्त्यातले कमाल कडकपणाचे तापमान मात्र घेऊ नका. खालच्या टोकाचे घ्या, कण बारीक राहतात.

बाहेर काढले की फॉइलसकट २५ मिलिमीटर जाडीच्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये दाबा. पट्ट्या पात्यापेक्षा लांब हव्यात, नाहीतर बाहेर राहिलेले टोक वेगळ्या वेगाने गार होऊन वाकते. तेलाची गरज नाही. हाताला सोसवेल एवढे गार झाले की लगेच टेंपरला, म्हणजे ठिसूळपणा घालवायला कमी तापमानावर पुन्हा तापवायला. उद्यावर टाकू नका. टेंपर न केलेले पाते नुसत्या ताणाने तडकू शकते. ४२०एचसी ला २०० अंशांवर दोन तास, पूर्ण गार, पुन्हा दोन तास. १२सी२७ ला २२५ ते २५०. मऊ करायच्या नादात ४२५ ते ५५० च्या पट्ट्यात कधीही टेंपर करू नका. त्यात चिवटपणा वाढण्याऐवजी घटतो आणि क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून गंजाचा विरोधही जातो. म्हणजे ज्यासाठी स्टेनलेस घेतले तेच हरवते.

थोडा बाक येईलच. कडक झालेल्या थंड पात्यावर हातोडी चालवू नका. तुमची ती ५ मिलिमीटरची पट्टी इथे उपयोगी पडेल: पाते तिच्यावर ठेवा, बाकाच्या जागी खाली पातळ पत्र्याचा तुकडा घालून उलट्या बाजूला किंचित जास्त वाकेल असे क्लँप लावा, आणि तसेच टेंपरच्या दुसऱ्या फेरीत घाला. बहुतेक वेळा सरळ निघते. नाही निघाले तर पत्रा थोडा जाड घेऊन तिसरी फेरी.

आता घासणे. पात्याचा उतार धारेपासून १८ ते २० मिलिमीटर वर न्या, पूर्ण रुंदीभर नको. पाठीकडचा सपाट भागच पात्याला ताठ ठेवतो. धार काढण्याआधी कड ०.७ मिलिमीटर जाड राहिली पाहिजे. ०.४ केली तर गवतात सुंदर चालेल आणि पहिल्या सुक्या खोडाला लाटेसारखी दुमडेल. १ च्या वर ठेवली तर प्रत्येक घाव ठेचल्यासारखा. घासायच्या यंत्राला नवे बेल्ट वापरा, ६० नंबरपासून १२०, २२० पर्यंत, वेग कमी, आणि दर फेरीला पाण्यात बुडवा. उघड्या बोटांनी पाते धरा. बोटाला चटका बसायच्या आत थांबलात तर टेंपर सुरक्षित. रंग येण्याची वाट बघू नका. कार्बन पोलादावर पिवळा रंग २०० च्या जरा वर दिसतो, स्टेनलेसवर तो ३०० च्या आसपास उमटतो. म्हणजे रंग दिसला तेव्हा टेंपरचे तापमान कधीच ओलांडलेले असते. क्रोमियमची धूळ फुप्फुसात नको, म्हणून बारीक कण अडवणारा मास्क पूर्ण वेळ तोंडावर.

धार एकाच कोनाची काढू नका. मुठीजवळचा तिसरा भाग प्रत्येक बाजूला २५ अंशांचा, कारण गाठी आणि लाकूड तिथे तासले जाते. मधून टोकापर्यंत २० अंश. निव्वळ गवतासाठी १७. कोन सपाट न ठेवता बेल्टच्या सैल भागावर किंचित गोलसर केला तर धारेमागे मांस राहते आणि पाते कापातून सहज सुटते. ४०० नंबरपर्यंत धार पुरे. आरशासारखी केलेली धार हिरव्या तंतूंवर घसरते, थोडी दातेरी धार त्यांना पकडते.

मुठीबद्दल थोडक्यात. लांबी १३ सेंटिमीटर, छेद अंडाकृती, ३४ बाय २४ मिलिमीटरच्या आसपास, शेवटी खाली वळलेला बोंडा म्हणजे ओला हात घसरत नाही. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे आहे ते कळत नाही. मायकार्टा किंवा जी-१० (राळेत कापडाचे किंवा काचतंतूंचे थर दाबून केलेल्या फळ्या) किंवा पूर्ण वाळलेले घट्ट लाकूड, शेवटचा हात १२० नंबरचा. गुळगुळीत पॉलिश नको. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग खरबरीत करून ॲसिटोनने पुसा, क्लँप इतका आवळू नका की इपॉक्सी सगळे बाहेर यावे. मुठीखाली फट राहिली तर तिथे घाम आणि मीठ साचून गंज आतूनच सुरू होतो आणि बाहेरून दिसत नाही.

गंजाचे राहिलेच. कडक होणारे स्टेनलेस ३०४ इतके गंजरोधक नसते, तांबूस ठिपके येऊ शकतात. बऱ्याचदा ते पात्याचे नसून साध्या पोलादावर वापरलेल्या बेल्टने, कानशीने किंवा तारेच्या ब्रशने रुतवलेल्या लोखंडाच्या कणांचे असतात. स्टेनलेससाठी बेल्ट वेगळे ठेवा. मूठ बसवण्याआधी पाते ५ ते १० टक्के सायट्रिक ॲसिडच्या ५०-६० अंश गरम पाण्यात अर्धा तास बुडवून स्वच्छ धुवा, रुतलेले कण निघून जातात. पृष्ठभाग २२० च्या पुढे ४०० पर्यंत नेला तर पाणी आणि चीक धरून ठेवणारे ओरखडे कमी होतात. म्यान प्लॅस्टिकचे, टोकाशी पाणी निथळायला भोक. ओले पाते कातड्याच्या म्यानात रात्रभर ठेवले तर स्टेनलेसही डागाळते.

कामावर नेण्याआधी चाचणी घ्या. ६ मिलिमीटरच्या पितळी सळीवर धार दाबून सरकवा: धार क्षणभर वाकून परत सरळ आली तर कडकपणा योग्य, वाकलेलीच राहिली तर मऊ, बारीक तुकडे पडले तर फार कडक. मग टोक व्हाइसमध्ये धरून पाते हळूहळू ३० अंशांपर्यंत वाकवा आणि सोडा. सरळ परत आले पाहिजे. हे करताना पात्याच्या रेषेत कोणी उभे नको, चेहऱ्यावर ढाल हवी. शेवटी सुक्या घट्ट लाकडावर पन्नासेक घाव घाला आणि भिंग घेऊन धार, मुठीचा कोपरा आणि पहिल्या रिव्हेटची जागा बघा. नखाला अडेल अशी केसाएवढी रेघ दिसली तर ते पाते कामावर न्यायचे नाही. तडा वेल्ड करून वाचवता येत नाही, कारण वेल्डशेजारची पट्टी पुन्हा ठिसूळ होते.

वापरताना घाव देठाला काटकोनात नको, ४५ अंशांच्या आसपास तिरका आणि खालच्या दिशेने, पायांपासून बाहेर. घाव पात्याच्या कुठल्या भागाने घालायचा ते शोधायला पाठ लाकडावर हलकेच आपटत पुढे सरकवा. जिथे हाताला सर्वात कमी झिणझिण्या येतात ती जागा, साधारण टोकापासून १० ते १५ सेंटिमीटर मागे, घावासाठी वापरा. पण तिरक्या घावाने जमिनीत भाल्यासारखा खुंट उरतो, आणि पायवाटेवर कोणी घसरून पडले तर तो शरीरात घुसतो. म्हणून बोटापेक्षा जाड प्रत्येक खुंट नंतर जमिनीलगत सपाट कापा. त्यासाठी आणि ४-५ सेंटिमीटरच्या वरच्या सगळ्या लाकडासाठी घडीची करवत बरोबर ठेवा. ओणवी, ताणलेली फांदी ताणाच्या बाजूने एका घावात तोडू नका, ती उसळून तोंडावर येते. आधी आतल्या बाजूने थोडे कापून ताण सोडवा. सोबत्यापासून अंतर निदान ३ मीटर.

धार लावताना कार्बन पोलादाच्या सवयीने साधी कानस घ्याल तर ५४ च्या पात्यावर ती सावकाश चालेल आणि ५६-५७ च्या पात्यावर बहुतेक घसरेल. खिशात २०० ते ३०० नंबरची हिऱ्याची छोटी पट्टी ठेवा. दर तासा-दीड तासाने प्रत्येक बाजूला दहाबारा हात पुरतात. धार पूर्ण बोथट होईपर्यंत थांबलात तर तेच काम अर्धा तास खाते. हात धारेकडून पाठीकडे, पट्टीमागे बोट पुढे आलेले नको, मूठ जमिनीवर आणि पाठ ओंडक्याला टेकवलेली. दगड लागून धारेत खाच पडली असेल तर ती एका बैठकीत काढू नका. खाचेच्या दोन्ही कडा गोलसर करा म्हणजे तडा पुढे जात नाही. बाकी ती पुढच्या काही वेळच्या धारेत आपोआप झिजून जाते.